सिनेमाबागेतली ओसरी

परत आल्यापासून जो तो एकच विचारतो आहे: मराठवाड्यात गेलीस, मग वेरूळ पाहिलंस की नाही? नाही पाहिलं. अजिंठाही नाही. आमच्या शाळेतल्या बाईंनी तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी लग्नाला जाऊन अक्षता टाकायच्या आधीच परत आले. वास्तविक मी तिकडे इतकी जेवले की पोलकी घट्ट झाली आहेत. पण जे पाहिलं त्याचा माझ्याजवळ एकही फोटो नाही, आणि ते आता जागेवरही नाही. बांबू, गोणपाट आणि मातीचं होतं, जत्रा उठली तसं तेही उठलं. म्हणून निदान लिहून ठेवते.

माझा मामेभाऊ दत्तूदादा परभणी जिल्ह्यात सोनपेठला मास्तर आहे. हैदराबाद संस्थान विलीन झालं, तिकडच्या शाळा उर्दूतून मराठीत आल्या आणि मास्तर कमी पडू लागले. तेव्हा आमच्या कोल्हापुरातून हा गडी 'वर्षभर बघून येतो' म्हणून गेला, तो तिकडचाच होऊन बसला. लग्नही तिकडच्याच मुलीशी केलं. त्या गोदावहिनींना मी लग्नात ओझरतं पाहिलं, त्यानंतर भेट नाही. यंदा मराठवाडा आपल्या मुंबई राज्यात आला, तसं दादाने कळवलं, 'आता परका मुलूख म्हणायची सोय राहिली नाही, ये.' पौषातल्या जत्रेचा सुमार होता. मी रजा टाकली आणि निघाले.

सोनपेठ

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नसतं, कारण मला गाडीत झोप लागते. मनमाडला आणि परभणीला गाडी बदलण्यापुरती जागी झाले, इतकंच. गंगाखेडला दादा बैलगाडी घेऊन उभा होता. बैलगाडीत मात्र झोपले नाही. दोन्हीकडे जमीन काळीभोर, आमच्या पंचगंगेकाठची माती तिच्यापुढे गोरी वाटावी अशी. ज्वारीच्या कणसांत दाणा भरत आलेला. मध्येच करडईचे पिवळे पट्टे. आणि लांबवर धुक्यात नदी, वाहते आहे की नुसतीच पडली आहे ते कळू नये अशी. गोदावरी म्हटलं तर गाडीवानाला समजेना. तिकडे तिला गंगाच म्हणतात.

गोदावहिनी दारातच होत्या. चणीने लहान, चालायला चपळ आणि बोलायला मोजक्या. डोक्यावरचा पदर पक्का. त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, आत नेलं आणि जेवायलाच बसवलं. ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी, भरलं वांगं आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाला भाजून केलेलं पीठ. वासानेच माझे डोळे मिटले.

"वन्स, जेवायलाव का झोपायलाव?" वहिनींनी विचारलं. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण हसू डोळ्यांत दिसलंच. आमच्याकडे पहिल्या दिवशी पाहुण्याशी असं कोणी बोलत नाही. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दादाच्या एका विद्यार्थ्याच्या शेतात हुरडा झाला. गोवऱ्यांच्या आगट्या पेटल्या होत्या, गरम कणसं हातावर चोळून दाणे पुढे येत होते, सोबत दही, गूळ आणि लसणाची चटणी. धूर आणि धुकं यांत फरक उरला नव्हता. शेजारच्या बांधावर धनगरांची मेंढरं चरत होती, तीही त्यात विरून गेल्यासारखी. मी खाता खाता तिथेच कडब्यावर लवंडले आणि जाग आली तेव्हा अंगावर कोणाची तरी घोंगडी होती. हा असा देश आहे. तिथे डोळे मिटले तरी काही चुकत नाही.

गंगेकाठी

जत्रा नदीच्या वाळवंटात भरते. लोक गाड्या सोडतात आणि तिथेच चुली मांडून राहतात. आम्हीही गाडीखाली संसार थाटला. पाळणे, भांडी, बांगड्या, घोंगड्या, सगळं आमच्या जोतिबाच्या जत्रेसारखंच, फक्त चढ नाही. पण एक गोष्ट मी कुठल्याच जत्रेत पाहिली नव्हती. तिचं नाव सिनेमाबाग.

ती नागोराव पेंटरची. हे गृहस्थ सोनपेठचेच, दादाचे दोस्त. संस्थान होतं तोवर दुकानांच्या पाट्या उर्दूत रंगवत, आता त्याच पाट्या पुसून मराठीत रंगवतात. दादाने त्यांना कधीतरी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली होती की अमेरिकेत सिनेमातली ठिकाणं खरीखुरी उभी केलेली मोठी बाग निघाली आहे आणि माणसं तिच्यातून हिंडतात. नागोरावांची झोप उडाली. अमेरिकेला जमतं ते सोनपेठला का जमू नये?

आणि जमलं होतं. कनातीतून आत गेलं की आधी उडता गालिचा, त्यावर बसून खाली पाहिलं की रंगवलेले ढग. मग नागकन्येची विहीर, तळाशी आरसा लावलेला. मग चाच्यांचं जहाज, दोरांवर झुलणारं. शेवटी सगळ्यांत मोठी अशी राक्षसाच्याच आकाराची गुहा, बांबूच्या सांगाड्यावर कागदाचे थर चिकटवून केलेली. तोंडातून शिरायचं आणि पाठीतून बाहेर पडायचं. मी पुन्हा पुन्हा हिंडले. कोल्हापूरची असल्यामुळे स्टुडिओतली घरं पुढून घर आणि मागून काठ्या असतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी विहिरीत वाकले तेव्हा मला स्वतःऐवजी नागकन्याच दिसली, खोटं का सांगू?

बागेशेजारीच फिरत्या सिनेमाचा तंबू होता. दिवस मावळला की खेळ सुरू. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये कनात. त्या दिवशी एक जुना कौटुंबिक बोलपट होता, माझ्या परकरातल्या दिवसांतला. त्याचं खरं नाव तिकडे कोणी घेत नाही. सगळे त्याला 'वसरीचा सिनेमा' म्हणतात, कारण त्यात एक ओसरी आहे. सासरी गांजलेली लेक न कळवता माहेरी येते. आई ओसरीवर तांदूळ निवडत असते. काय झालं, का आलीस, काही विचारत नाही. सूप बाजूला ठेवते, लेकीला पुढ्यात बसवते आणि तिचे केस विंचरू लागते. बराच वेळ नुसतं तेवढंच. गाणं नाही, बोलणं नाही.

लहानपणी मी त्या जागी कंटाळून झोपले होते. इथे तंबूतल्या बायका मात्र पडद्याशी बोलत होत्या. "इच्यारू नगं माय, इच्यारू नगं तिला," असं कोणीतरी आईला बजावत होतं. तिकडच्या खेड्यापाड्यांतून या एका सिनेमासाठी गाड्या जुंपून येतात म्हणे. गोदावहिनी एकट्या गप्प होत्या. त्यांच्या गालांवर पडद्याचा उजेड हलत होता आणि त्या श्वाससुद्धा जपून घेत होत्या.

सकाळी चुलीपाशी मी त्यांना सहज म्हटलं, "तुम्हाला फार आवडतो वाटतं तो सिनेमा."

"दर साली बघते," त्या म्हणाल्या. भाकरी तव्यावर टाकली आणि मग तिच्याकडे पाहतच सांगू लागल्या. त्यांचं माहेर वालूरच्या पलीकडे एका खेड्यात होतं. निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षात जी जाळपोळ झाली त्यात घर गेलं. आईवडील त्यांना घेऊन सरहद्दीबाहेरच्या छावणीत गेले. वडील तिथेच वारले, आई वर्षभरानं. भाऊ नाही, बहीण नाही. लग्न काकांनी लावून दिलं आणि ते हैदराबादला निघून गेले. "घराचं जोतं तेवढं हाय. त्यावर आता लोक तुरीच्या तुऱ्हाट्या रचायलेत. दिवाळीला समद्याजणी माहेराला जातात, वन्स. हे कोल्हापूरला चल म्हणतात, तर मी ह्यांना सांगते, मला गर्दीत जायला नको वाटतं." भाकरी फुगली. ती उतरवून त्या म्हणाल्या, "एकदा तशा वसरीवर जाऊन बसावं वाटतं. लेक आल्यासारखं. बस, दुसरं काही नाही."

 माझं माहेर म्हणजे माझंच घर, मी ते सोडलेलंच नाही. मी उगीच चुलीत काटक्या सारत राहिले.

त्याच दुपारी वहिनींनी पदर सारखा केला आणि त्या नागोरावांकडे गेल्या. मी मागोमाग. बागेत ओसरी करा, एवढंच त्यांनी सांगितलं. नागोराव माणूस भला, पण चकित झाला.

"वैनी, खामखा तकलीफ. लोक इतं कशाला येतेत? जे घरी न्हाई ते बगायला. राक्षस कुनाच्या घरी हाय? वसरी तर समद्यांच्या घरी हाय."

"समद्यांच्या नाही," वहिनी म्हणाल्या.

नागोरावांना ते कळलं नाही. ते ब्रश घेऊन राक्षसाच्या दातांकडे वळले. मला वाटतं, त्या अमेरिकेतल्या बागेतही किल्ले असतील, जहाजं असतील, पण ओसरी कोणी बांधली नसणार. बाग काढणाऱ्यांना पडद्यावर जे हलतं तेच दिसतं. वहिनी परत आल्या. त्यांनी सांज होईपर्यंत त्याच त्या स्वच्छ ताटल्या पुन्हा पुन्हा घासल्या. मला नागोरावांचा राग आला, आणि इतक्या भल्या माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचाही आला.

शेरडांची न्याहारी

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो ते आरडाओरडीनेच. राक्षस नव्हता. म्हणजे सांगाडा होता, एक कान होता आणि सांगाड्याच्या आत-बाहेर धनगरांची शेरडं अगदी शांतपणे उभी होती. नागोरावांनी कागद चिकटवायला ज्वारीच्या पिठाची खळ वापरली होती. दंवाने ती भिजली, तिचा वास सुटला आणि शेरडांनी राक्षस खाल्ला. बागेतला बाकीचा माल गोणपाटाचा आणि लाकडाचा, म्हणून वाचला.

शेरडांची मालकीण धुरपताआजी काठी टेकत आली. कपाळावर हिरवं गोंदण, खांद्यावर घोंगडी, कमरेला भाकरीचं गाठोडं. नागोराव तिला बोल बोल बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मुकी जनावरं, बाबा," ती शेवटी म्हणाली. "तुमी पीठ लावून ठिवलाव, त्यांला वाटलं आपल्यासाठीच हाय. आता काय काम आसंल ते सांग, मी करते."

काम काय सांगणार? जत्रेचा मुख्य दिवस दुसऱ्याच दिवशी, कागद संपलेला, बागेचा सगळ्यांत मोठा चौक रिकामा. नागोराव वाळूत फतकल मारून बसले. तेव्हा वहिनी पुढे झाल्या आणि काल म्हणाल्या होत्या तेच पुन्हा म्हणाल्या. नागोरावांनी मान वर केली नाही.

"करा वैनी," ते म्हणाले. "रिकामं दिसण्यापरीस काहीतरी दिसलेलं बरं."

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे स्वप्नासारखा आहे, कारण धुकं दुपारपर्यंत हटलंच नाही आणि सगळं त्यातच घडलं. दादाने नदीतले दगड आणून जोतं रचलं. धुरपताआजीने ते मातीने लिंपलं, शेणाने सारवलं. सिनेमावाल्याने तंबूचे दोन जादा खांब दिले आणि त्यांच्यापुढे जमिनीवर एक फळी आडवी टाकली, तो उंबरा. नागोराव आधी नाराजीने, मग हळूहळू रंगात येऊन मागचं दार रंगवू लागले. दार, कडी, शेजारी कोनाडा, कोनाड्यात दिवा. वहिनी प्रत्येक गोष्ट मागे सरकून पाहत. "कोनाडा जरा खाली घ्या," त्या म्हणायच्या. "आईचा हात तिथवर पुरला पाहिजे." सिनेमातल्या ओसरीला कोनाडा नव्हता. मी ते लक्षात आणून दिलं नाही.

मुख्य दिवस

सकाळी रांग लागली. लोक गालिच्यावर बसले, विहिरीत डोकावले, जहाजावर झुलले आणि ओसरीपाशी आले. आणि तिथे नागोरावांची सगळी रचना कोलमडली.

राक्षसाच्या तोंडातून माणूस शिरतो आणि घाबरून पाठीतून बाहेर पडतो. घरातून असा कोणी जातो का? बायकांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. "हाय का कोनी घरात?" म्हणून हाक दिली. सारवलेलं जोतं पाहून बसल्या. बसल्या त्या बसल्याच. मागच्या आल्या, त्याही सरकून बसल्या. एकीने रंगवलेलं दार ठोठावून पाहिलं. एक म्हातारबा खांबाला टेकले, चंची काढली आणि दत्तूदादाला यंदा ज्वारी कशी काय, म्हणून विचारू लागले. दादा बिचारा कोल्हापूरचा, तो उसाबद्दल बोलला. तिकडे गालिच्यापर्यंत रांग तुंबली.

"फुडं सरका, माय, फुडं सरका," नागोराव विनवू लागले. "देवाच्या दर्शनाला एवढा वेळ लागत न्हाई."

"कुंकू लावल्याबिगर कसं उठावं?" एक सवाष्ण म्हणाली. "घर हाय का काय हाय हे?"

तिचं बरोबर होतं. घर म्हटलं की घरचं माणूस लागतं. सवाष्ण बाई कुणाच्या घरून बिनकुंकवाची उठत नाही. ही चूक कागदाचा राक्षस करणाऱ्या माणसाच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. माझ्याही आली नव्हती.

गोदावहिनी रांगेत होत्या, मी त्यांच्या मागे. ओसरी आता चार पावलांवर आली होती. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. नागोरावांनी तिथूनच हात जोडले. "वैनी, तुमीच आता. दुसरं कोन हाय?" वहिनींनी ओसरीकडे पाहिलं. मग रांगेतून निघाल्या, गाडीवरून कुंकवाचा करंडा आणि पाण्याची कळशी घेऊन आल्या आणि ओसरीवर आईच्या जागी जाऊन बसल्या.

त्यानंतर रांग चालू लागली. येणाऱ्या प्रत्येकीला वहिनी "ये, बस" म्हणत, पाणी देत, कुंकू लावत. कोणी त्यांच्यापाशी सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं, कोणी सासूचं. एका पोरसवदा बाईने काही न बोलता त्यांच्या पुढ्यात पाठ करून बसकण मारली आणि अंबाडा सोडला. वहिनींनी फणी मागितली, कोणीतरी दिली, आणि त्या तिचे केस विंचरू लागल्या. बोरीकडच्या, जिंतूरकडच्या बायका, ज्यांनी तो सिनेमा पाहिला होता त्या सगळ्या पुढ्यात बसू लागल्या. नागोराव आता खूश होते. राक्षसाला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती, असं ते दादाला सांगत होते.

मी मात्र खूश नव्हते. वहिनींनी मागितलं होतं ते एकच, लेक होऊन तिथे बसणं. आणि आता साऱ्या जत्रेच्या लेकी येऊन बसत होत्या आणि वहिनीच तेवढ्या आई होऊन अडकल्या होत्या. मी एकदा जवळ जाऊन म्हटलं, "मी बसते जरा, तुम्ही उठा." त्यांनी मान हलवली. "तुम्ही धाकट्या, वन्स. तुमच्यापुढं कशी बसू?" मला काही करता येत नव्हतं. माझं मन फार दुखलं.

उन्हं कलली. धुरपताआजी शेरडं बांधून आली होती आणि केव्हापासून खांबाशी बसून पाहत होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. रांग जरा विरळ झाल्यावर ती काठीवर भार देऊन उठली आणि वहिनींसमोर उभी राहिली.

"ऊठ माय," ती म्हणाली. "सकाळधरनं बसायलीस. मी बसते हितं. तू उंबऱ्याभाईर जा आन मंग आत ये."

"मी कशाला, आजी?"

"ये म्हणलं ना."

वहिनींनी फणी खाली ठेवली. त्या उतरल्या, उंबऱ्याबाहेर गेल्या आणि चपलांच्या ढिगाजवळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग वळून आल्या. उंबऱ्याशी पोचल्या तसा म्हातारीने हात वर केला. "थांब." तिने कमरेचं गाठोडं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, वहिनींवरून ओवाळून बाहेर भिरकावला आणि कळशीतलं पाणी त्यांच्या पावलांवर घातलं. लांबून आलेल्या लेकीवरून ओवाळतात तसंच.

"ये आता," ती म्हणाली. "लय दिवस लावलीस, माय."

वहिनींचा हुंदका मला ऐकू आला. मीही रडले, शेजारची अनोळखी बाईही रडली. मागे रांग उभी होती, पण नागोराव पुढं सरका म्हणाले नाहीत. वहिनी ओसरीवर चढल्या, म्हातारीच्या पुढ्यात बसल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर सोडला.